स्वादुपिंडाचा व्याधी, शल्यवैद्याचा प्रश्न आणि आपली गुळवेल

आयुर्वेदाच्या परिषदांत, औषधनिर्मात्यांच्या माहितीपत्रकांत आणि रुग्णांशी होणाऱ्या संभाषणांत एक वाक्य वारंवार कानी पडते : 'गुळवेलीवर मुंबईच्या केईएम रुग्णालयात संशोधन झालेले आहे.' हे वाक्य खरे आहे आणि आपणा सर्वांना अभिमान वाटावा असेच आहे. मात्र ते संशोधन कोणी केले, कोणत्या रुग्णांवर केले आणि त्यातून नेमके काय निष्पन्न झाले, असे विचारले तर उत्तर देणारे फार थोडे भेटतात. बहुधा 'गुळवेलीने कावीळ बरी होते हे सिद्ध झाले' एवढाच त्याचा सारांश सांगितला जातो. हा सारांश त्या संशोधनाचा नाही. इतकेच नव्हे, तर तो प्रमाण मानून चालल्यास ज्या रुग्णांसाठी हे सारे कष्ट घेतले गेले, त्याच रुग्णांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून या विषयाचा ऊहापोह आमच्या वैद्यबंधूंपुढे व औषधालय चालविणाऱ्या सभासदांपुढे करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या संशोधनामागचे एक प्रमुख नाव डॉ. रवी बापट यांचे. सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व केईएम रुग्णालय या १९२६ साली सुरू झालेल्या जोडसंस्थेत त्यांची शल्यचिकित्सक म्हणून कारकीर्द घडली. पुढे ज्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी आपली आयुर्वेद महाविद्यालयेही संलग्न आहेत, त्याचे कुलगुरुपदही त्यांनी भूषविले. 'वॉर्ड नंबर पाच, केईएम' या त्यांच्या पुस्तकामुळे सामान्य मराठी वाचकही त्यांना ओळखतो. यकृत, पित्तमार्ग आणि स्वादुपिंड हा पोटातील शस्त्रकर्माचा सर्वांत अवघड प्रदेश. तेथील रुग्णांनी त्यांच्यापुढे जो प्रश्न उभा केला, तो समजून घेतल्याशिवाय गुळवेल तेथे कशी पोचली हे कळणार नाही.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यालगत आडवे असते. यकृताकडून येणारी पित्तनलिका त्याच्या शीर्षभागातून जाऊन ग्रहणीत उघडते. त्यामुळे शीर्षभागात अर्बुद झाले की ही नलिका दाबली जाते. पित्त आतड्यात उतरत नाही, रक्तात परतते आणि रुग्ण पिवळा पडतो. पित्तनलिकेचे वा तिच्या मुखाचे अर्बुदही हेच करते. रोग पोटाच्या तळाशी दडलेला, आणि त्याचा पहिला पुकारा डोळ्यांत व त्वचेवर, असा हा विलक्षण व्याधी आहे.

यावरील शस्त्रकर्माचा इतिहास धैर्याचा आहे, तसाच मृत्यूंचाही. बर्लिनचे वाल्टर काउश यांनी १९०९ साली स्वादुपिंडाचे शीर्ष व ग्रहणीचा भाग काढण्याचे शस्त्रकर्म प्रथम यशस्वी केले. अमेरिकेतील ॲलन व्हिपल यांनी १९३५ साली आपले रुग्ण प्रसिद्ध केले आणि पुढे त्या शस्त्रकर्माला त्यांचेच नाव चिकटले. प्रारंभी हे शस्त्रकर्म दोन टप्प्यांत करीत. कारण गाढ काविळीच्या रुग्णाचे रक्त गोठत नसे आणि तो एवढा मोठा आघात सोसू शकत नसे. 'के' जीवनसत्त्वाचा शोध लागला, रक्तस्रावाचे भय कमी झाले आणि शस्त्रकर्म एका बैठकीत होऊ लागले. रक्तस्राव आवरला, जंतुसंसर्ग मात्र आवरला नाही. शस्त्रकर्म तांत्रिकदृष्ट्या उत्तम झाले, टाके टिकले, आणि तरीही काही दिवसांनी रुग्ण रक्तातील जंतुदोषाने दगावला, असा अनुभव जगभरच्या शल्यचिकित्सकांना येत राहिला.

आपल्या हातून काही उणे राहिलेले नसताना रुग्ण का जातो, हा येथला खरा प्रश्न. त्याचे उत्तर सुरीच्या धारेत नव्हते, रुग्णाच्या बलात होते. पित्त आतड्यात न आल्यामुळे तेथील जंतूंचे विष रक्तात अधिक शिरते. यकृतातील ज्या पेशींनी ते गिळायचे त्या दुबळ्या झालेल्या असतात. रक्तातील जंतुभक्षक श्वेतपेशींची जंतू गिळण्याची व मारण्याची शक्तीही घटलेली असते. प्रतिजैविके बाहेरून मारा करतात, पण शरीराचे स्वतःचे सैन्यच गलितगात्र असेल तर ती पुरी पडत नाहीत. आपल्या परिभाषेत बोलायचे तर हा व्याधिक्षमत्वाचा ऱ्हास होय.

याच टप्प्यावर शल्यविभाग आणि त्याच महाविद्यालयातील औषधशास्त्राचा विभाग एकत्र आले. डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. निर्मला रेगे आणि त्यांचे सहकारी रसायन द्रव्यांचा अभ्यास करीत होते. पित्तमार्ग अडविलेल्या उंदरांत गुळवेलीचा प्रतिकारशक्तीवर काय परिणाम होतो, यावरचे त्यांचे काम १९८९ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर प्रश्न पुन्हा रुग्णशय्येकडे आला. १९९३ साली भारतीय जठरांत्रशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात कर्करोगजन्य अवरोधामुळे कावीळ होऊन शस्त्रकर्मासाठी आलेल्या ३० रुग्णांची हकीकत आहे. चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले गेले. दोन्ही गटांना 'के' जीवनसत्त्व, प्रतिजैविके आणि साचलेले पित्त नळीने बाहेर काढणे हे प्रचलित उपचार मिळाले. एका गटाला पित्त काढण्याच्या काळात त्याखेरीज गुळवेल दिली गेली. मात्रा होती शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला १६ मिलिग्रॅम.

निष्कर्ष सावकाश वाचण्यासारखे आहेत. यकृताच्या कार्यात दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. फरक पडला तो श्वेतपेशींच्या शक्तीत. ती केवळ गुळवेल घेतलेल्या गटात पूर्वपदावर आली. प्रचलित उपचारांच्या गटात ५० टक्के रुग्णांत रक्तातील जंतुदोषाची लक्षणे दिसली, गुळवेलीच्या गटात एकाही रुग्णात दिसली नाहीत. शस्त्रकर्मानंतर जगण्याचे प्रमाण पहिल्या गटात ४० टक्के, तर दुसऱ्यात ९२.४ टक्के होते.

गुळवेलीने येथे कावीळ उतरविली नाही, अर्बुद विरघळविले नाही, अडलेली वाट मोकळी केली नाही. वाट मोकळी केली ती नळीने आणि शस्त्राने. गुळवेलीने त्या आघातातून पार पडण्याचे बल रुग्णाला दिले. रसायन या संज्ञेचा अर्थ जाणणाऱ्याला यात आश्चर्य वाटू नये. 'गुळवेलीने कावीळ बरी होते' या सारांशापेक्षा हे फळ आयुर्वेदाच्या सिद्धान्ताला कितीतरी अधिक जवळचे आहे. व्याधीला प्रत्यनीक असणारे द्रव्य वेगळे आणि आतुराचे बल राखणारे द्रव्य वेगळे, हा भेद आपल्या शास्त्राने केव्हाच केलेला आहे. एका शल्यचिकित्सकाच्या प्रश्नामुळे तो रुग्णालयात आकड्यांनिशी दिसला.

याच चमूने पुढे आणखी धीट प्रश्न विचारला : शस्त्रकर्मापूर्वी त्वचेतून यकृतात नळी घालून पित्त काढण्याचा सोपस्कार टाळता येईल काय? १९९० च्या दशकातील त्यांच्या एका निबंधाचे शीर्षकच प्रश्नार्थक आहे. पुढे २०१० साली नेदरलँड्समधील २०२ रुग्णांवरील परीक्षणात, स्वादुपिंडाच्या शीर्षभागातील अर्बुदामुळे कावीळ झालेल्यांत आधी पित्त काढण्यापेक्षा लवकर शस्त्रकर्म केल्यास गंभीर उपद्रव कमी होतात असे दिसले. उपद्रवांचे प्रमाण लवकर शस्त्रकर्म केलेल्यांत ३९ टक्के, तर आधी पित्त काढलेल्यांत ७४ टक्के होते. त्या परीक्षणात गुळवेल नव्हती, नळी घालण्याचा मार्गही दुर्बिणीचा होता आणि अतिशय गाढ कावीळ असलेले रुग्ण त्यात घेतलेले नव्हते. तरीही प्रश्नाची दिशा तीच होती, आणि तो प्रश्न परळमध्ये आधी विचारला गेला होता, याची नोंद आपण घ्यावयास हवी.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप आपल्यातील काही ज्येष्ठांचा : द्रव्याचे रस, वीर्य, विपाक, प्रभाव सोडून श्वेतपेशी मोजणे हा आयुर्वेदाचा संकोच आहे. आमच्या मते संकोच मोजण्याने होत नाही. मोजलेले तेवढेच खरे असे मानण्याने होतो. बापट-डहाणूकर यांच्या संशोधनात अखेरचे माप श्वेतपेशींचे नाही. रुग्ण जगला की नाही, हे आहे. त्या मापाला कोणत्याही शास्त्राचा विरोध असू शकत नाही. दुसरा आक्षेप आधुनिक वैद्यकाकडून येतो आणि तो रास्त आहे : ३० रुग्णांवरून एवढा मोठा निष्कर्ष काढता येत नाही. खरे आहे. लहान संख्येत योगायोगाचा हात मोठा असतो. शिवाय गेल्या तीन दशकांत शस्त्रकर्मही बदलले आहे. स्वादुपिंडाची शस्त्रकर्मे ज्या केंद्रांत वरचेवर होतात तेथे मृत्यू कमी होतात, हे अमेरिकेतील २००२ सालच्या मोठ्या पाहणीत स्पष्ट झाले. अगदी क्वचित शस्त्रकर्म करणाऱ्या रुग्णालयांत हे प्रमाण १६.३ टक्के, तर सर्वाधिक करणाऱ्यांत ३.८ टक्के आढळले. आपल्याकडे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. शैलेश श्रीखंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या दोन दशकांतील रुग्णांचा हिशेब २०१३ साली मांडला. या शस्त्रकर्मासाठी वेगळी घडी बसविल्यावर निष्पत्ती सुधारली, हे त्यांनी त्यात दाखविले. आज गुळवेलीची परीक्षा व्हायची तर ती अशा सुधारलेल्या पार्श्वभूमीवर व्हावी लागेल, आणि तेथे ४० व ९२ एवढी तफावत दिसेलच असे नाही. पण १९९३ च्या निबंधाचा मोठ्या प्रमाणावर पाठपुरावा करण्याचा आग्रह सर्वांत आधी आयुर्वेदाच्या संस्थांनी धरावयास हवा होता. तो पुरेसा धरला गेला नाही. निबंध गौरवासाठी वापरला गेला, कामासाठी नाही.

आता हा विषय परळच्या रुग्णालयातून आपल्या दवाखान्यात आणू या. मुळशी तालुक्यातील रिहे घ्या. डोंगरांच्या कुशीतले, भातशेतीचे गाव. घोटवडे, पिरंगुट या वाटेने पुण्याला जोडलेले. समजा, तेथील पंचावन्न वर्षांच्या एका शेतकऱ्याचे डोळे पिवळे झाले. पोटात दुखत नाही, ताप नाही. अंगाला खाज आहे, भूक गेली आहे, वजन उतरले आहे. तो प्रथम कोणाकडे जाईल? काविळीचे औषध देणाऱ्या एखाद्या माहीतगाराकडे, नाहीतर जवळच्या वैद्याकडे, नाहीतर थेट औषधालयात. कावीळ म्हणजे आपल्याच औषधाचा व्याधी, ही समजूत महाराष्ट्रात खोल रुजलेली आहे. ती का रुजली याचेही कारण आहे. दूषित पाण्यातून होणारी विषाणुजन्य कावीळ बहुसंख्य रुग्णांत पथ्य व विश्रांती यांवर काही आठवड्यांत आपोआप ओसरते. त्या अवधीत दिलेल्या प्रत्येक औषधाला यश लाभते. परंतु आमच्या या कल्पित शेतकऱ्याची कावीळ ओसरणारी नाही. त्याला तीन आठवडे एक काढा, पुढे चार आठवडे दुसरा, असे होत गेले तर तेवढ्या काळात अर्बुद शेजारच्या रक्तवाहिन्यांना वेढू शकते. स्वादुपिंडाचा कर्करोग असलेल्या रुग्णांपैकी निदानाच्या वेळी शस्त्रकर्मास योग्य असणारे मुळातच १५ ते २० टक्के. त्या थोडक्यांतून आणखी एक वजा होतो, तो अशा आठवड्यांनी.

हा रुग्ण ओळखण्यास आपल्या शास्त्राने आपल्याला असमर्थ ठेवलेले नाही. चरकाचार्यांनी पांडुरोगाच्या अध्यायात शाखाश्रित कामलेचे वर्णन करताना, पित्ताचा मार्ग अडल्यामुळे रुग्णाचा मल वाटलेल्या तिळासारखा पांढुरका होतो, हे सांगून ठेवले आहे. मार्गावरोधाची इतकी नेमकी खूण शतकानुशतके आपल्यापाशी आहे. तेथे सांगितलेली चिकित्सा कफाने अडलेल्या मार्गासाठी आहे. अर्बुदाने वा अश्मरीने अडलेल्या मार्गाचा निवाडा केल्याखेरीज ती सुरू ठेवणे म्हणजे निदानाआधी चिकित्सा होय. मल पाहणे व मूत्राचा वर्ण विचारणे याला पैसा लागत नाही. स्पर्शपरीक्षेत उजव्या बरगडीखाली न दुखणारे, फुगलेले पित्ताशय हाताला लागले, तर कावीळ खड्यामुळे असण्याचा संभव कमी आणि अर्बुदाचा अधिक, हे बाझेलचे शल्यचिकित्सक कुर्व्हॉझिए यांनी १८९० साली नोंदविले. तेही हातानेच कळणारे आहे.

प्रमेहाचीही एक खूण ध्यानात ठेवावी. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह उद्भवलेल्यांपैकी सुमारे १ टक्का रुग्णांत पुढील तीन वर्षांत स्वादुपिंडाचा कर्करोग आढळला, असे अमेरिकेतील २००५ सालच्या एका अभ्यासात दिसले. शंभरातला हा एक शोधण्यासाठी नव्याण्णवांना घाबरविण्याचे कारण नाही. परंतु कुळात प्रमेह नाही, देह स्थूल नाही, आणि साखर वाढत असताना वजन भराभर उतरते आहे, अशा रुग्णाला केवळ चूर्ण देऊन परत पाठवू नये.

निदान झाल्यावर रुग्ण शल्यचिकित्सकाच्या हाती सोपविण्यात काहींना आयुर्वेदाचा कमीपणा वाटतो. त्यांनी चरकसंहितेतील गुल्माचा अध्याय पुन्हा वाचावा. पक्व झालेल्या गुल्मात पुढील क्रियेचा अधिकार धान्वंतर संप्रदायाचा, म्हणजे शल्यवैद्यांचा, असे कायचिकित्सेचा आचार्य निःसंकोचपणे सांगतो. अधिकार ओळखून रुग्ण योग्य हाती देणे हे आपल्याकडे वैद्याचे लक्षण मानले गेले आहे.

औषधालय चालविणाऱ्या सभासदांशी आम्हांस दोन शब्द स्वतंत्रपणे बोलावयाचे आहेत. करोनाच्या साथीत गुळवेलीचा खप अतोनात वाढला. त्यानंतर मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२० च्या अखेरच्या महिन्यांत आढळलेल्या, गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद २०२१ साली प्रसिद्ध केली. २०२२ साली देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांची नोंद पुढे आली. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष अमान्य केला आणि गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जाती, टिनोस्पोरा क्रिस्पा, वापरली गेली असावी अशी शक्यता मांडली. या वादात कोणाची बाजू किती खरी, हे केवळ निष्ठेने ठरणार नाही. मात्र त्या वादाने एक गोष्ट उघड केली. आपल्या दुकानातील पुडीत नेमकी कोणती वेल आहे, हे विचारल्यावर कागद दाखवू शकणारे थोडे आहेत. क्रिस्पाच्या खोडावर गाठीगाठींचा खरखरीतपणा असतो. आपल्या टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच्या खोडावर तशा गाठी नसतात. ओल्या वेलीत हा भेद डोळ्यांनी कळतो, चूर्णात कळत नाही. म्हणून वनस्पती ओळखून घेण्याची जबाबदारी खरेदीच्या वेळीच पार पाडावी लागते. केईएममधील रुग्णांना दिली गेली ती ओळख पटलेली वनस्पती, ठरीव मात्रेत, देखरेखीखाली. तिच्या नावावर कोणताही रस, कोणतेही सत्त्व वा कोणतीही वटी विकणे हे त्या संशोधकांवर आणि ग्राहकांवर सारखेच अन्यायकारक आहे.

आम्ही सभासदांपुढे पुढील आचार ठेवू इच्छितो. काविळीच्या प्रत्येक रुग्णाच्या मलाचा व मूत्राचा वर्ण, वजन आणि खाज यांची पहिल्याच दिवशी लेखी नोंद करावी. मल पांढुरका असल्यास, वय चाळिशीच्या पुढे असल्यास, कावीळ वेदनारहित असून वाढत असल्यास रक्ततपासणी व सोनोग्राफी त्याच आठवड्यात करवून घ्यावी. औषध देऊन वाट पाहू नये. अवरोध दिसल्यास चिठ्ठीसह रुग्ण मोठ्या केंद्रात धाडावा आणि त्या चिठ्ठीत आपण दिलेल्या प्रत्येक औषधाचे नाव व मात्रा लिहावी. खर्चाच्या धास्तीने रुग्ण जात नसेल तर त्याला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती द्यावी. औषधालयात कोणी 'काविळीवर काहीतरी द्या' म्हणत आला तर वैद्याच्या चिठ्ठीवाचून औषध देऊ नये. आणि रुग्ण पुढे गेल्यावर त्याचे काय झाले, हे विचारून तेही वहीत लिहावे. बरा झालेला लिहावा, तसाच दगावलेलाही.

या शेवटच्या कलमावर आमचा सर्वाधिक भर आहे. डॉ. बापट व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कार्याचा उगम कोणत्याही चमत्कारात नव्हता. शस्त्रकर्म नीट होऊनही जे रुग्ण गेले त्यांचा हिशेब ठेवण्यात, आणि त्या हिशेबापुढे मान तुकवून शेजारच्या विभागाचे दार ठोठावण्यात होता. आपल्या हजारो दवाखान्यांत रोज जो अनुभव जमा होतो, तो बरे झालेल्या रुग्णांच्या आठवणींत उरतो. न बरे झालेले पुन्हा येत नाहीत आणि आपल्या स्मरणातूनही जातात. असा अनुभव कितीही वर्षांचा असला तरी त्याचे शास्त्र होत नाही. गुळवेलीवर केईएममध्ये संशोधन झाले आहे, हे आपण यापुढेही अवश्य सांगावे. मात्र सांगण्यापूर्वी तो ३० रुग्णांचा निबंध एकदा वाचावा, आणि पुढचे ३०० रुग्ण कोठे, कोणाच्या सहकार्याने अभ्यासले जातील, याचा ठराव संघटनेच्या येत्या सभेत मांडावा. त्या ठरावास आमचा पाठिंबा आजच जाहीर करतो.